रॅम वेगवान घ्यावी की भरवशाची? अंबडच्या एका वर्कशॉपच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत दोघा भावांचं डाय-मोल्ड डिझाइन आणि व्हीएमसी (संगणकावर चालणारं मिलिंग मशीन) जॉबवर्कचं युनिट आहे. डिझाइनचा संगणक पाच-सहा वर्षांपूर्वी असेंबल करून घेतलेला: कोअर आय५-१०४००, एच४१० चिपसेटचा बोर्ड आणि ८ जीबीची एकच डीडीआर४-२६६६ रॅम. सॉलिडवर्क्समध्ये मोठी असेंब्ली उघडली की मशीन गुदमरतं. तीन दुकानं फिरले, तीन उत्तरं मिळाली. पहिल्याने ३६०० ची, रंगीत दिव्यांची, हीटसिंकवाली जोडी दाखवली. दुसऱ्याने साधी हिरवी ३२०० ची स्टिक पुढे केली. तिसऱ्याने सर्व्हरमधून काढलेल्या ईसीसी, म्हणजे चूक स्वतः दुरुस्त करणाऱ्या, रॅम बऱ्याच स्वस्तात देऊ केल्या, वर ‘सर्व्हरचा माल आहे, मरत नाही’ असंही सांगितलं. धाकटे भाऊ विचारतात, ‘वेग बघायचा की भरवसा?’

तुमच्या मशीनपुरतं उत्तर आधी देतो. १६ जीबीच्या दोन स्टिक घ्या, दोन्ही एकाच बनावटीच्या, डीडीआर४-३२००, सीएल२२, १.२ व्होल्टच्या. म्हणजे दुसऱ्या दुकानातलाच माल, फक्त एक नाही, जोडी. पहिल्या दुकानातली महागडी जोडी तुमच्या बोर्डावर या साध्या रॅमपेक्षाही हळू चालण्याची शक्यता आहे. तिसऱ्या दुकानातल्या रॅमवर तुमच्या मशीनचा डिस्प्लेच येणार नाही. असं का, ते सविस्तर लिहितो, कारण दोन-तीन वर्षांनी नवं मशीन घ्याल तेव्हा हाच प्रश्न पुन्हा समोर येईल.

वेगाकडे जाण्याआधी माप घ्या. नेहमीची सगळ्यात जड असेंब्ली उघडा, सोबत कॅम सॉफ्टवेअर, ब्राउझर, ड्रॉइंगच्या पीडीएफ, जे एरवी उघडं असतं ते सगळं उघडा. मग कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स आणि त्यात मेमरी बघा. बहुतेक जण ‘इन यूज’चा आकडा बघतात, पण तो रॅमच्या मापापलीकडे जाऊच शकत नाही. बघायचा तो ‘कमिटेड’चा पहिला आकडा. तुमच्यासारख्या कामात मला तो १८ ते २४ जीबीच्या आसपास दिसत आलाय. ८ जीबीच्या मशीनवर उरलेलं सगळं डिस्कवर जातं, आणि माऊस अडखळतो तो तिथे. प्रोसेसरला रॅममधून काही आणायचं तर सुमारे १०० नॅनोसेकंद लागतात. चांगल्या एनव्हीएमई एसएसडीवरून त्याच्या शेकडो पट वेळ लागतो आणि फिरत्या हार्ड डिस्कवरून लाखभर पट. या फरकापुढे २६६६ आणि ३६०० मधला फरक विसरून जावा इतका छोटा आहे. म्हणून ३२ जीबी. १६ वर काम भागेल, पण वर्षभरात पुन्हा हाच प्रश्न घेऊन याल, आणि तुमच्या बोर्डावर स्लॉट दोनच आहेत, तेव्हा घेतलेल्या स्टिक काढून ठेवाव्या लागतील.

जोडीच का? प्रत्येक स्टिक एका वेळी ८ बाइट देते. २६६६ च्या वेगाने एक स्टिक सेकंदाला जास्तीत जास्त २१.३ जीबी नेते-आणते. दोन चॅनेलमध्ये, म्हणजे प्रोसेसरकडे जाणाऱ्या दोन वेगळ्या रस्त्यांवर, दोन स्टिक बसवल्या की हाच आकडा ४२.६ होतो. आज तुमचं मशीन एकाच चॅनेलवर चालतंय, म्हणजे अर्धा रस्ता पाच वर्षं बंदच आहे. ‘३२ ची एकच घ्या, पुढे वाढवता येईल’ असं कोणी म्हणालं तर ऐकू नका.

आता त्या ३६०० च्या जोडीबद्दल. पाकिटावर लिहिलेला वेग हा त्या रॅमचा जन्मजात वेग नसतो. प्रत्येक स्टिकवर मधोमध एक छोटी आठ पायांची चिप असते, तिच्यात त्या रॅमची कुंडली लिहिलेली असते. बोर्ड चालू होताना ती वाचतो. जेडेक ही मेमरीचे मापदंड ठरवणारी संस्था. तिच्या मापदंडात डीडीआर४ ३२०० पर्यंत जाते, १.२ व्होल्टवर. त्यावरचं सगळं, ३६०० असो की ४०००, हे एक्सएमपी नावाचं वेगळं प्रोफाइल असतं. त्यात व्होल्टेज बहुधा १.३५ असतं आणि बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन ते मुद्दाम चालू करावं लागतं. सरळ शब्दांत, ते कंपनीने करून दिलेलं ओव्हरक्लॉकिंग आहे. रॅमची कंपनी आपल्या स्टिकची हमी देते, पण तुमच्या प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर त्या वेगाला टिकेल याची हमी कोणी देत नाही. आय५-१०४०० आणि एच४१० या जोडगोळीची मर्यादा २६६६ आहे. त्यापुढे बोर्ड जातच नाही. अशा बोर्डावर ३६०० ची रॅम लावली की बोर्ड तिची मूळ जेडेक नोंद बघतो, आणि दिव्यांच्या बऱ्याच जोड्यांत ती फक्त २१३३ किंवा २४०० ची असते. साध्या ३२०० च्या स्टिकच्या कुंडलीत मात्र २६६६ ची नोंद असते. त्यामुळे जास्त पैसे मोजून कमी वेग पदरात पडतो. मी हे कॉलेज रोडवरच्या एका फोटोग्राफरच्या मशीनवर पाहिलंय. नव्या रॅमचे दिवे लागले होते, पण सीपीयू-झेड या माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आकडा १०६६, म्हणजे त्याच्या दुप्पट, २१३३ चा वेग.

वेगाचा आणखी एक पैलू सांगतो, कारण दुकानात सीएलचा आकडा फेकला जातो आणि गिऱ्हाईक गोंधळतं. सीएल म्हणजे मागितल्यापासून पहिला तुकडा हाती येईपर्यंत किती ठोके जातात ते. ठोका किती मोठा हे वेगावर ठरतं, म्हणून नुसता सीएल बघून काही कळत नाही. सीएलला २००० ने गुणा आणि रॅमच्या वेगाने भागा, उत्तर नॅनोसेकंदात येतं. २६६६ सीएल१९ म्हणजे १४.२५. ३२०० सीएल२२ म्हणजे १३.७५. ३६०० सीएल१८ म्हणजे १०. डीडीआर५-४८०० सीएल४० म्हणजे साधारण १६.७, आणि डीडीआर५-६००० सीएल३० म्हणजे पुन्हा १०. पिढी बदलली, आकडे फुगले, पण पहिल्या तुकड्याची वाट जवळपास तेवढीच राहिली. वाढली ती एका वेळी वाहून नेण्याची ताकद.

वेगाला काहीच अर्थ नाही असं माझं म्हणणं नाही. वेगळं ग्राफिक कार्ड नसलेल्या, एएमडीच्या रायझन प्रोसेसरच्या मशीनवर ग्राफिक्ससुद्धा याच रॅमवर चालतात, तिथे वेगवान जोडीने फरक डोळ्यांना दिसतो. रायझन ३००० आणि ५००० च्या प्रोसेसरना ३६०० ची रॅम मानवते, ७००० च्या पिढीला डीडीआर५-६०००. एएमडीचं स्वतःचं सांगणंही तसंच होतं. गेमिंगचं मशीन असेल तर खुशाल घ्या. गेममध्ये एक बिट चुकला तर फार तर गेम बंद पडेल. तुमच्या मशीनमध्ये एक बिट चुकला तर काय होतं, ते आता सांगतो. खरं सांगायचं तर या उत्तरात मला सगळ्यात कळकळीने सांगायचं आहे ते हेच.

काही वर्षांपूर्वी पिंपळगाव बसवंतजवळच्या एका द्राक्षांच्या पॅकहाऊसमधून फोन आला. ऐन मार्चचा हंगाम. ऑफिस पत्र्याखाली. वजनाच्या नोंदींचा त्यांचा एक जुना छोटा प्रोग्राम होता. सकाळी सगळं ठीक, दुपारनंतर कधी फाइल उघडत नाही, कधी मशीन निळा पडदा दाखवून बंद. मी आधी डिस्कवर संशय घेतला, डिस्क बदलली. मग विंडोज नव्याने टाकलं. चार दिवस बरे गेले, पाचव्या दुपारी पुन्हा तेच. मग मेमटेस्ट, म्हणजे रॅमची चाचणी, लावली, रात्री, दोन फेऱ्या. एकही चूक नाही. मी रॅम शुद्ध असल्याचं सांगून मोकळा झालो. तिथे माझं चुकलं. पुढच्या वेळी गेलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते, तीच चाचणी पुन्हा लावली आणि खुर्ची ओढून समोर बसलो. पाऊण तासाने पडद्यावर एक लाल ओळ उमटली. अपेक्षित ००००००००, मिळालेलं ०००००४००. थोड्या वेळाने दुसरी लाल ओळ, पत्ता तोच, बिट तोच. कोट्यवधी घरांपैकी एक घर, आणि ते फक्त उन्हात चुकत होतं.

ते ४०० हे सोळाच्या पटीतल्या मोजणीतलं आहे, आपल्या मोजणीत १०२४. तिथे नोंदी ठेवणाऱ्या ताईंनी काट्याच्या पावत्या काढल्या आणि संगणकातल्या नोंदींशी जुळवू लागल्या. एका शेतकऱ्याच्या नावावर बरोबर १०२४ किलो द्राक्षं जास्त लागलेली निघाली. प्रोग्रामने चूक दाखवली नव्हती, विंडोजने दाखवली नव्हती. बॅकअप काढा म्हणाल, तर बॅकअपही त्याच रॅममधून जातो. पाच आठवड्यांचे बॅकअप होते आणि पाचही आठवड्यांत तो आकडा तसाच होता. ताईंनी तीन रात्री बसून सगळ्या नोंदी पावत्यांवरून पुन्हा भरल्या. कागद होता म्हणून निभावलं.

तुमच्याकडे काट्याच्या पावत्या नाहीत, टूलपाथ आहे, म्हणजे टूलने कुठून कसं फिरायचं ते मशीनला सांगणारा जी-कोड. जी-कोड ही साधी अक्षरांची फाइल असते. संगणकाच्या लेखी ‘१’ हा अंक आणि ‘९’ हा अंक यांच्यात फक्त एका बिटाचा फरक आहे. झेड उणे १.५ चं झेड उणे ९.५ व्हायला एकच घर चुकावं लागतं. असं नेमकं घडणं दुर्मिळ आहे, रोज होत नाही. पण घडलं तर एचएमटीचा जुना ऑपरेटरसुद्धा फाइल डोळ्यांनी बघून पकडू शकणार नाही, आणि टूल ८ मिलिमीटर जास्त खोल जाईल. हार्ड झालेल्या डी२ स्टीलच्या ब्लॉकमध्ये.

हे घर चुकतं कसं? डीरॅमचं प्रत्येक घर म्हणजे एक ट्रान्झिस्टर आणि एक इवलासा कपॅसिटर. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांची ही रचना, तिचं पेटंट १९६८ चं. कपॅसिटरमध्ये भार असेल तर एक, नसेल तर शून्य. पण तो भार सतत गळत असतो, म्हणून दर ६४ मिलिसेकंदांत प्रत्येक घर वाचून पुन्हा भरावं लागतं. गळक्या माठांच्या रांगेत सतत पाणी घालत फिरावं तसं. तापमान वाढलं की गळती वाढते. त्यामुळे चिप ८५ अंशांच्या वर गेली तर मापदंडाप्रमाणे हा फेरा दुप्पट वेगाने, ३२ मिलिसेकंदांत, मारावा लागतो. धडधाकट चिपला आपल्याकडच्या मे महिन्याचं काही वाटत नाही. काठावर पास झालेल्या चिपचं एखादं घर मात्र गरम कॅबिनेटमध्ये पुढचा फेरा येईपर्यंत तग धरत नाही. पिंपळगावला हेच होत होतं.

चुका किती होतात याबद्दल २००९ साली टोरंटो विद्यापीठाच्या बियांका श्रोडर आणि गूगलच्या अभियंत्यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. गूगलच्या हजारो सर्व्हरवरची अडीच वर्षांची निरीक्षणं त्यात होती. वर्षभरात ८ टक्क्यांहून जास्त स्टिकमध्ये निदान एक तरी चूक आढळली. त्याआधी समज असा होता की अशा चुका बहुतेक अवकाशातून येणाऱ्या कणांमुळे, अचानक आणि एकदाच होतात. यांना दिसलं ते वेगळं: चूक बहुधा चिपमधल्या कायमच्या दोषामुळे होते, आणि एकदा चुकलेली स्टिक पुन्हा चुकण्याची शक्यता फार जास्त असते. माझ्या टेबलावरचा अनुभव अगदी हाच आहे. म्हणून ‘एकच एरर आली, चालतंय की’ हे वाक्य मी ऐकून घेत नाही. एक चूक दिसली की स्टिक बाद.

आता चिपकडे वळतो. जगातली बहुतेक डीरॅम तीन कंपन्या बनवतात: सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. दुकानात दिसणारी बाकीची बरीच नावं या कंपन्यांच्या चिप विकत घेऊन, आपल्या पट्टीवर लावून विकतात. त्यात वाईट काही नाही, किंग्स्टनसारख्यांनी त्यातच नाव कमावलंय. पण चिप तयार झाल्यावर तपासून तिची प्रत लावली जाते. जास्त वेग सोसणाऱ्या चिप महागड्या जोड्यांत जातात, मापदंडात नीट बसणाऱ्या साध्या रॅममध्ये, आणि तपासणीत मागे पडलेल्या किंवा जेमतेम तपासलेल्या चिपही बाजारात स्वस्तात येतात. वेगवान चिप भरवशाची नसते असं नाही. उलट, उत्तम प्रतीची चिप साध्या वेगावर आणि १.२ व्होल्टवर चालवली तर तिच्याकडे भरपूर शिल्लक उरते. धोका वेगाचा नाही, काठाचा आहे. ३६०० वर कशीबशी उभी असलेली चिप आणि २६६६ वर आरामात चालणारी ३२०० ची चिप, यांतली दुसरी माझी. तुमच्या धाकट्या भावांच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे: ३२०० ची रॅम २६६६ वर चालली म्हणजे पैसे वाया गेले असं समजू नका. ती शिल्लक म्हणजेच भरवसा.

खरेदीला जाल तेव्हा स्टिकवरचं लेबल हातात घेऊन वाचा. पीसी४-३२००एए असं काही लिहिलेलं असेल, त्यातला ३२००एए म्हणजे सीएल२२ चा जेडेक मापदंड. शेजारी १आरएक्स८ किंवा २आरएक्स८ असतं, दोन्ही चांगलं. ८ जीबीच्या स्टिकवर कधी १आरएक्स१६ दिसतं, तिच्यावर चारच चिप असतात. ती खराब नसते, पण चिपच्या आतले घरांचे गट (बँक-ग्रुप) निम्मेच असल्याने हळू चालते, टाळता आली तर टाळा. मग चिपवरची अक्षरं बघा. डीडीआर४ मध्ये सॅमसंगच्या चिपवर नंबर ‘के४ए’ने सुरू होतो, हायनिक्सचा बहुधा ‘एच५ए’ने, मायक्रॉनच्या चिपवर ‘डी९’ने सुरू होणारा छोटा कोड असतो. अक्षरं घासलेली, दोन चिपवर वेगवेगळी किंवा अजिबात नसतील तर ती स्टिक टेबलावर ठेवून उठा. म्हणूनच १.२ व्होल्टच्या रॅमला मी हीटसिंक मागत नाही. तिला त्याची गरज नसते, आणि स्वस्त मालावर पत्र्याचं हीटसिंक असलं की खाली काय दडलंय ते दिसत नाही. पिंपळगावच्या स्टिकचं हीटसिंक मी नंतर उचकटलं, खालच्या चिपवरची छपाई घासून काढलेली होती.

आणखी एक फसवणूक आपल्याकडे अजून चालते. ‘फक्त एएमडीला चालेल’ असं सांगून विकली जाणारी स्वस्त डीडीआर३ रॅम. तिच्यावर एक्स४ रचनेच्या, मुळात सर्व्हरसाठीच्या चिप असतात. काही एएमडी बोर्ड त्या चालवून घेतात, इंटेलचे नाहीत. घरात जुनं मशीन असेल तर लक्षात ठेवा.

तिसऱ्या दुकानातल्या सर्व्हरच्या रॅमकडे येतो. ईसीसी ही अतिशय चांगली गोष्ट आहे. साध्या रॅममध्ये ६४ बिटांचा शब्द तसाच ठेवतात, ईसीसीमध्ये त्याच्यासोबत ८ जादा बिट असतात. त्यांच्या हिशेबाने एक बिट चुकला तर जागच्या जागी दुरुस्त होतो, दोन चुकले तर निदान कळतं. पिंपळगावला ती असती तर १०२४ किलोंचा घोळ झालाच नसता. पण ईसीसी चालायला प्रोसेसर आणि बोर्ड दोघांची साथ लागते, आणि तुमच्याकडे दोघेही ती देत नाहीत. शिवाय सर्व्हरमधून निघणाऱ्या बहुतेक रॅम रजिस्टर्ड प्रकारच्या, म्हणजे प्रोसेसरच्या आज्ञा पुढे पोचवणारी मधली जादा चिप असलेल्या, असतात. डीडीआर४ मध्ये त्या २८८ पिनांच्या त्याच स्लॉटमध्ये बिनबोभाट बसतात, म्हणून गिऱ्हाईक फसतं. बसते, पण डिस्प्ले येत नाही. एक्स९९ च्या चिनी बोर्डांवर त्या चालतात, तो वेगळा संसार.

पुढचं मशीन घ्याल तेव्हा मात्र ईसीसीचा विचार जरूर करा, विशेषतः सगळ्या फाइली जिथे साठवता त्या मशीनसाठी. रायझनच्या अनेक प्रोसेसरवर साधी, म्हणजे अनबफर्ड, ईसीसी रॅम चालते, पण बोर्डाच्या कंपनीने तसं लिहून दिलेलं हवं. आतल्या ग्राफिक्सचे जे जुने रायझन आहेत त्यांत ती सोय फक्त प्रो मॉडेलमध्ये आहे. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीला डब्ल्यू६८० चिपसेटचा बोर्ड लागतो. आणि कोणी म्हणालं की ‘डीडीआर५ घ्या, तिच्यात ईसीसी असतेच’, तर तेवढ्यावर भुलू नका. डीडीआर५ च्या चिपमध्ये आतल्या आत एक दुरुस्ती असते, ती चिपच्या घरातल्या एका बिटाची चूक झाकते. चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर झालेली चूक तिला दिसत नाही, आणि दुरुस्ती किती वेळा झाली ते तुमच्या विंडोजला कळत नाही. पूर्ण ईसीसी ती नव्हे.

भावाबद्दल थोडं. २०२५ च्या उत्तरार्धापासून एआयच्या डेटा सेंटरनी रॅमची मागणी इतकी ओढून घेतली की आपल्या बाजारात भाव चढले, डीडीआर४ चेसुद्धा. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशियल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. भाव चढले की पुल-आउट (जुन्या मशीनमधून काढलेला) आणि नव्याने छापलेला माल बाजारात वाढतो, हे मी आधीच्या तेजीतही पाहिलंय. बजेट अगदीच बसत नसेल तर आजची ८ ची स्टिक ठेवून तिच्याशी जुळणारी दुसरी ८ ची लावा. १६ जीबी आणि दोन्ही चॅनेल, तेवढ्यानेही मोठा फरक पडेल. पण स्वस्तातली ३२ जीबी घेऊ नका. बिल पक्कं हवं, त्यावर दोन्ही स्टिकचे सीरियल नंबर हवेत. लॅमिंग्टन रोडवर शे-पाचशे कमी पडतात हे खरं, पण वॉरंटीसाठी मुंबईची फेरी आणि त्या दिवशी बंद राहिलेली डिझाइन धरून हिशेब करा. नाशिकमध्येच बदलून देणारा दुकानदार मला परवडतो.

बसवताना मेन स्विच बंद करून कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला हात लावा, मगच रॅमला. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीची हवा इतकी कोरडी असते की स्वेटर घालून रॅम हाताळणं धोक्याचं. तुमच्या युनिटमध्ये ग्राइंडिंगची लोखंडी धूळ उडत असणार. स्लॉट आधी ब्लोअरने लांबून साफ करा. स्टिकचे सोनेरी कॉन्टॅक्ट खोडरबराने घासायची आपल्याकडे सर्रास सवय आहे. त्याने डिस्प्ले येतोही, पण वरचा सोन्याचा थर फार पातळ असतो आणि प्रत्येक घासण्यात थोडा जातो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं फडकं वापरा. दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या ‘टक्’ वाजल्याशिवाय स्टिक बसली असं समजू नका.

मग चाचणी. मेमटेस्ट८६+ हे फुकट आणि मुक्त सॉफ्टवेअर आहे. पेन ड्राइव्हवर टाकून त्यावरूनच मशीन चालू करा. आधी आजची जुनी ८ ची स्टिक तपासा. मशीन गुदमरतंय ते जागेअभावीच, की स्टिकही आजारी आहे, हे कळलं पाहिजे. आजारी निघाली तर गेल्या काही महिन्यांत त्या मशीनवर सेव्ह केलेल्या महत्त्वाच्या फाइली उघडून बघाव्या लागतील. मग नवी जोडी लावून शनिवारी संध्याकाळी चाचणी सुरू करा आणि रविवार दुपार उलटेपर्यंत चालू द्या. पिंपळगावनंतर मी रात्रीच्या चाचणीवर एकट्या विसंबत नाही. दुपारचा उकाडा त्यात यायलाच हवा, कॅबिनेटचं झाकण लावलेलं, पंखा रोज जिथे असतो तिथेच. लाल ओळ आली तर एकेक स्टिक वेगळी लावून तपासा, स्लॉट बदलून तपासा. दोन्ही स्टिक दोन्ही स्लॉटमध्ये चुकत असतील तर रॅम बदलण्याआधी एसएमपीएस (कॅबिनेटमधला पॉवर सप्लाय) आणि अर्थिंग बघा. एमआयडीसीत वेल्डिंगच्या लाइनवरच संगणक जोडलेला मी पाहिलाय, तिथे बिचारी नवी रॅम तीनदा बदलून झाली होती. चाचणी निर्दोष झाली की विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडून वेग २६६६ आणि स्लॉट दोनपैकी दोन दिसतायत ना ते बघा. सीपीयू-झेडच्या मेमरी पानावर चॅनेलपुढे ‘ड्युअल’ किंवा नव्या आवृत्तीत ‘२ x ६४-बिट’ दिसायला हवं. खरेदीची तारीख कॅबिनेटच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा. वॉरंटीच्या वेळी बिल सापडत नाही, निदान महिना तरी कळतो.

जुनी ८ ची स्टिक चाचणीत स्वच्छ निघाली तर विका किंवा कोणा विद्यार्थ्याच्या मशीनला द्या, अजून बरीच वर्षं जाईल. एक जरी लाल ओळ दिसली तर ती कोणालाही देऊ नका, भंगारवाल्यालाही अख्खी देऊ नका, कारण भंगारातली स्टिक पुसून पुन्हा कुठल्यातरी काउंटरवर येते. पिंपळगावची ती स्टिक मी पक्कडीत धरून मधोमध मोडली आणि मगच ई-कचऱ्याच्या पिशवीत टाकली.